कोयत्यामागचे मन

दिवाळी सरली की बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगरमधल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात. लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांची वाट धरतात आणि पाच-सहा महिने पालात काढतात. त्यांच्या हालांवर पुष्कळ लिहिले गेले. त्या हालांनी मनाचे काय होते, हा प्रश्न मात्र धोरणात जवळजवळ येतच नाही. शेतकरी आत्महत्यांनंतर २०१५ मध्ये राज्याने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, ते योग्यच झाले. पण ही सेवा गावात राहणाऱ्यासाठी आहे आणि तोडणी मजूर ऐन हंगामात गावात नसतो. तो जिथे असतो तिथल्या आरोग्ययंत्रणेच्या लेखी तो परका.

या मजुरांच्या मनावरचा ताण समजून घ्यायचा तर उचल समजून घ्यावी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल; ती दोघांच्या कष्टातून फिटायची. एकाने अंग टाकले तर त्या दिवसाची मजुरी जाते, वर खाड्याचा दंड बसतो. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, लेकरू बांधावर निजलेले असते, आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असते. रात्री-अपरात्री गाडी भरायला आली की पुन्हा उठायचे. उघड्यावर अंघोळ, उघड्यावर शौच आणि त्यातून येणारी लैंगिक अत्याचाराची भीती बाईच्या वाट्याला. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासकीय समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार ८२,३०९ महिला मजुरांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. यामागे कर्करोगाची भीती घालणारे खासगी डॉक्टरही होते. तरी पाळीच्या दुखण्याने खाडा पडेल ही धास्ती त्या निर्णयात होतीच, असे या बायकांनीच वेळोवेळी सांगितले आहे. जी धास्ती शरीराचा अवयव काढून टाकायला लावते, ती मनाला शाबूत ठेवत असेल, असे कोण म्हणेल?

पोटाची भ्रांत असलेल्याला मनाचे लाड कसले, असा आक्षेप येतो. पण झोप उडालेला, हाय खाल्लेला माणूस कोयता चालवू शकत नाही, व्यसनात बुडाला तर उचल आणखी वाढते. म्हणजे मनाचा प्रश्न हा पोटाचाच प्रश्न आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शोषणाला आजार म्हटले की मुकादम सुटतो, कारखाना सुटतो आणि मजुराच्या हाती गोळी पडते. हा धोका खराच. म्हणूनच समुपदेशक नेमून थांबता येणार नाही. दंडाची टांगती तलवार आणि न फिटणारी उचल तशीच ठेवून दिलेला धीर टिकणार नाही. पण उचल संपेपर्यंत आज कोलमडलेल्या बाईने थांबायचे का? दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील.

मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत, ही कारखान्यांची जुनी सबब आहे. ऊस ज्याच्या गव्हाणीत पडतो, त्याची जबाबदारी टळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रत्येक व्यक्तीला उपचाराचा हक्क देतो. त्यात स्थलांतरिताचा अपवाद नाही. करोनाच्या टाळेबंदीत ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवारा केंद्रांतल्या मजुरांची भीती ओळखून तिथे प्रशिक्षित समुपदेशक पाठवायला सांगितले होते. महासाथीत जे निकडीचे ठरले, ते दर हंगामात निकडीचे आहे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, पण दाटीवाटीच्या पालात, मुकादमाच्या माणसांदेखत कोणती बाई त्यावर मन मोकळे करील?

तेव्हा येत्या हंगामाआधी खाड्याची वसुली बेकायदा ठरवावी, उचलीचा लेखी हिशेब मजुराच्या हाती द्यावा आणि प्रत्येक कारखान्याच्या तळांवर आठवड्यातून ठरल्या दिवशी समुपदेशक व महिला डॉक्टर पाठवावेत. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी गाळपामागे पैसा गोळा होतो. त्यातला वाटा सरकारने यासाठी बाजूला काढावा.