वेळ नाहीं, कीं वांटेकरी नाहींत?

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक वाक्य इतक्या निःशंकपणें उच्चारलें जातें कीं, त्याला जणूं सिद्धांताची योग्यता आली आहे. "हल्लींच्या धांवपळींत रोज घरीं साधें, ताजें अन्न शिजविण्यास वेळ कोणाला आहे?" हें तें वाक्य. त्याचें रूप प्रश्नाचें असलें तरी त्यास उत्तर अपेक्षित नसतें. कारण तें बोलणारानें बहुधा आधींच भ्रमणध्वनीवर बोट दाबून कोठल्या तरी उपाहारगृहांतून जेवण मागविलेलें असतें. आमच्या मतें हें वाक्य अर्धसत्य आहे. अर्धसत्याचा मोठा दोष असा कीं, त्याच्या खऱ्या भागाआड खोटा भाग सुखानें लपून राहतो. त्या लपलेल्या भागाचा समाचार घेणें हा या लेखाचा हेतु आहे.

वाद हवेंत चालूं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढें ठेवूं. रायगड जिल्ह्याच्या आंतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, कर्जत व खालापूर हे दोन तालुके आहेत. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत सुमारें १०० किलोमीटर. तेथून एक फांटा खालापूर तालुक्यांतील खोपोलीस जातो. पहांटे निघून रात्रीं परतणारे असंख्य नोकरदार या गाड्यांवर अवलंबून आहेत, आणि ज्याची कचेरी दक्षिण मुंबईंत आहे त्याचे केवळ येण्याजाण्यांतच रोज चार तासांहून अधिक खर्च होतात. 'वेळ नाहीं' ही तक्रार कोणाच्या तोंडीं शोभत असेल, तर ती यांच्या. येथें ती टिकली नाहीं, तर दादर-पुण्याकडच्या मंडळींच्या तोंडीं ती मुळींच शोभणार नाहीं.

आतां याच प्रदेशाचें दुसरें अंग पाहा. हा भाताचा मुलूख. कर्जतच्या कृषि-संशोधन केंद्रांतून निघालेल्या भाताच्या जातींना गांवाचेंच नांव मिळालेलें आहे. भात कापून झालें कीं जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, आणि त्या कडव्या वालाची चव ज्याच्या जिभेस एकदां लागली तो ती विसरत नाहीं. मृगाचा पहिला पाऊस पडतांच ठाकूर व कातकरी वाड्यांतील स्त्रिया शेवळें घेऊन स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर येऊन बसतात. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुलीं, बांबूचे कोंब येतात. शेवळें कशींही शिजवलीं तर घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडाचीं फळें किंवा चिंच घालावी लागते. भारंगीचा कडूपणा उकळून पाणी टाकल्यानें कमी होतो. हें सर्व ज्ञान ती विकणारी बाई पैशाच्या जुडीबरोबर फुकट देते. विचारणारा मात्र पाहिजे. तो विचारणारा दरवर्षी कमी होत आहे. त्याच तालुक्यांत, द्रुतगती मार्गावरील खालापूरच्या टोलनाक्याच्या परिसरांत, बाराही महिने तेंच तें पदार्थांचें फलक झळकतें, आणि वालाच्या शेताशेजारीं उभें राहून लोक पंजाबी छोल्यांसाठीं रांग लावतात!

यावर प्रतिपक्षी म्हणेल, "रानभाजी निवडा, वाल सोला, हें सगळें वेळेचें काम, आम्ही तेंच तर सांगत आहों." येथेंच त्याच्या हिशोबांतील चूक सांपडते. पदार्थाला वेळ लागणें आणि माणसाचा वेळ लागणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. वालाच्या बिरड्याचेंच उदाहरण घ्या. वाल रात्रीं भिजत घातले, सकाळीं उपसून फडक्यांत बांधले, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांना मोड आले. दीड दिवस गेला खरा. पण त्यांत माणसाचीं मिनिटें किती गेलीं? पांचदहा. बाकीचें काम पाण्यानें व उबेनें केलें, आणि तीं दोघें पगार मागत नाहींत. राहिलें सोलण्याचें काम. कोमट पाण्यांत टाकलेल्या वालाचें साल चिमटीसरशी सुटतें. एका हातीं हें काम कंटाळवाणें आहे, चार हातीं तें गप्पांच्या ओघांत संपतें. मग फोडणी, थोडा गूळ, आमसूल, ओलें खोबरें, शेजारीं भात. तांदळांत जें लायसिन कमी पडतें तें कडधान्य पुरवितें, आणि कडधान्यांतील मेथिओनिनची उणीव तांदूळ भरून काढतो, असें आजचें आहारशास्त्र सांगतें. म्हणजे एक भात व एक बिरडें एवढ्यानें पान पुरें होतें. त्यांत तेल-मीठ किती पडलें हेंही आपणांस ठाऊक असतें. उपाहारगृहाच्या डब्यांत तें कधींच ठाऊक नसतें.

परंतु 'एवढ्यानें पान पुरें होतें' हें आमच्या मध्यमवर्गास पटत नाहीं, आणि खरें दुखणें तेथें आहे. पोळी, भात, आमटी, एक कोरडी भाजी, एक रसभाजी, कोशिंबीर, शिवाय मुलाला आवडतें म्हणून कांहीं निराळें, असा थाट रोज मांडल्याखेरीज आम्हांस 'नीट जेवल्यासारखें' वाटत नाहीं. हा थाट ज्या काळांत ठरला त्या काळीं घरांत तीनचार स्त्रिया दिवसभर चुलीपाशीं राबत असत. त्या स्त्रिया गेल्या, चूल गेली, दिवसही गेला. थाट तेवढा राहिला! तो एकटीला पेलत नाहीं म्हणून आम्ही म्हणतों कीं घरीं जेवण होणें अशक्य आहे. नाचतां येईना अंगण वांकडें, दुसरें काय? ऋतु आपण होऊन आपली निवड सोपी करून देत असतो. आषाढांत टाकळ्याची भाजी व तांदळाची भाकरी, माघांत ओल्या वालाच्या दाण्यांची उसळ, वैशाखांत कैरी घातलेली आमटी व भात. एका वेळीं एकच पदार्थ, पण नीट केलेला. 'आज काय करावें' या रोजच्या चिंतेचें ओझें बाजारांतील पाटीनेंच उचललेलें असतें. बारमाही फ्लॉवर आणि बारमाही टोमॅटो यांनीं आमचें स्वातंत्र्य वाढविलें असें आम्ही समजतों. प्रत्यक्षांत त्यांनीं आमची चिंता मात्र वाढविली.

आतां या वादांतील सर्वांत अप्रिय मुद्द्याकडे वळतों. संध्याकाळच्या कर्जत गाडीच्या महिलांच्या डब्यांत ज्यांनीं डोकावलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, तेथें मांडीवर वर्तमानपत्र पसरून कोणी मेथी निवडीत असते, कोणी वाटाणे सोलीत असते. पुष्कळ लेखकांनीं या दृश्याचें कौतुक केलें आहे. कष्टाळूपणाचा व काटकसरीचा तो आदर्श म्हणून दाखविला आहे. येथें 'आम्ही' सोडून 'मी' म्हणणें भाग आहे. मीही कित्येक वर्षें त्याच गाडीनें परतत असें. पुरुषांच्या डब्यांत कोठें टाळ वाजत, कोठें पत्ते पडत. मी पत्त्यांच्या बाजूचा. पत्नीची कचेरी निराळी, गाडी एक, डबे दोन. एके रात्रीं कर्जतच्या फलाटावर तिनें आपली पिशवी माझ्या हातीं दिली. आंत मेथीच्या दोन जुड्या निवडून, कागदांत गुंडाळून ठेवलेल्या होत्या. दोघांनीं तेवढाच प्रवास केला होता. मी त्यांत चार डाव जिंकलों होतों. त्या रात्रीं जेवतांना मेथी मला नेहमींपेक्षां कडू लागली, आणि तो मेथीचा दोष नव्हता.

ही माझ्या एकट्याची गोष्ट असती तर ती मीं लिहिली नसती. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं लोकांच्या दिवसाचा विनियोग कसा होतो याची देशव्यापी पाहणी केली. घरच्या माणसांसाठीं विनावेतन घरकाम करणाऱ्यांचें प्रमाण स्त्रियांत शेंकडा ८१.२, तर पुरुषांत शेंकडा २६.१ आढळलें, आणि हें काम करणाऱ्या स्त्रीचीं त्यांत दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें जात, पुरुषाचीं ९७. हे आंकडे वाचल्यावर 'वेळ कोणाला आहे?' या प्रश्नाचें उत्तर निराळें सांगण्याची गरज उरत नाहीं. कुटुंबापाशीं वेळ आहे. तो एकाच माणसाच्या खात्यावर खर्ची पडत आहे. त्या खात्यांत शिल्लक उरली नाहीं कीं सारें घर दिवाळें निघाल्याचें जाहीर करून बाहेरून डबा मागवितें!

"पुरुषांस स्वयंपाक येत नाहीं" ही सबबही आम्हांस मान्य नाहीं. थंडीच्या दिवसांत याच तालुक्यांतील शेतांवर पोपटी लागते तेव्हां काय दिसतें? मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला कोण घालतो, वालाच्या शेंगांना मीठ-ओवा कोण लावतो, मडकें उपडें ठेवून भोंवतीं जाळ किती वेळ द्यावा हें अचूक कोण सांगतो? बहुतेक ठिकाणीं पुरुषच! रविवारीं शेतांत जो हात इतका तरबेज असतो, तो मंगळवारीं घरच्या शेगडीपुढें एकाएकीं अनाडी कां होतो? उघड्यावर केला तर तो पराक्रम, आणि घरांत केला तर बायकी काम, एवढाच काय तो भेद.

दुसऱ्या बाजूनें आमच्यावर उलटा आरोप येईल कीं, घरच्या जेवणाचे गोडवे गाऊन आम्ही स्त्रियांस पुन्हां चुलीकडे लोटीत आहों. हा आरोप आम्ही हलका मानीत नाहीं. कारण 'आमच्या आजीच्या हातची चव' आळवणारे पुष्कळ लोक नेमकें तेंच करीत असतात. त्या चवीचे त्यांना स्मरण आहे, आजीच्या धुरानें लाल झालेल्या डोळ्यांचें नाहीं. आम्हांस तो काळ परत नको. घरचें अन्न सर्वांनीं खावयाचें असेल तर तें सर्वांनीं शिजवावें, आणि सर्वांना शिजवितां यावें म्हणून तें साधें असावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. साधेपणा आणि वांटणी यांतील एक गोष्ट घेऊन दुसरी टाकतां येणार नाहीं. नुसती वांटणी केली तर थाट चार दिवसांत चौघांनाही थकवील. नुसता साधेपणा आणला तर साधें काम म्हणून तें पुन्हां एकटीच्याच गळ्यांत पडेल.

आम्ही सोंवळ्यांतले उपदेशक नव्हे. घाट चढण्यासाठीं मागें इंजिनें जोडीपर्यंत गाडी कर्जतला थांबते, त्या अवकाशांत गरम वडा खाण्याचें सुख आम्हींही घेतलें आहे आणि पुढेंही घेऊं. वडा हा प्रवासांतला थांबा आहे. त्याला मुक्काम करणें वाईट.

तेव्हां वाचकांपुढें आमची मागणी लहान आहे. पुढच्या पावसांत स्थानकाबाहेर बसलेल्या त्या बाईकडून एक जुडी घ्या. ती कशी करावी हें तिलाच विचारा, आणि विचारण्याचें काम घरांतील पुरुषानें करावें. ती निवडण्यास मुलांना बसवा. पानांत एक भाजी व एक भाकरी पाहून कोणाच्या कपाळास आंठी पडली, तर त्याच्या हातीं दुसऱ्या दिवशीं पळी द्या. असें महिनाभर करून पाहा, आणि त्यानंतर ज्याला म्हणावेंसें वाटेल त्यानें खुशाल म्हणावें कीं घरांत वेळ नाहीं. मात्र तें म्हणतांना त्याच्या हाताला भाजीचा हिरवा डाग लागलेला असावा, एवढीच आमची अट.