बदलीवरचं बेट



बदली कामगाराचं दुःख गिरणीवाल्याला सांगायला नको. साचा तोच, घाम तोच. पण कायम मस्टरवर नाव नाही! कॅरिबियन समुद्रातलं पोर्तो रिको हे बेट सव्वाशे वर्षं अमेरिकेच्या दारात असंच बदलीवर उभं आहे.

१८९८ साली अमेरिकेनं ते स्पेनकडून घेतलं. १९१७ साली तिथल्या जनतेला नागरिकत्व दिलं, पण राज्य दिलं नाही. बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. काँग्रेसमध्ये त्यांचा एक प्रतिनिधी बसतो. कायदा मंजूर करताना त्यालाही मत नाही. २०१६ साली कर्जाच्या निमित्तानं बेटाच्या तिजोरीवर वरून मंडळ नेमलं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, राज्यांतल्या गरीब म्हाताऱ्यांना नि अपंगांना मिळणारी मदत बेटावरच्यांना नाकारली तरी चालेल!

राज्यपदासाठी १९६७ साली तिथं नवा पुरोगामी पक्ष निघाला. संस्थापक लुईस फेरे, मोठे कारखानदार. मालकाचा पक्ष म्हटल्यावर कामगारानं जपूनच पाहावं. पण त्याच पक्षाच्या कार्लोस रोमेरो बार्सेलो यांनी १९७३ साली पुस्तिका काढली, तिचं नावच ‘राज्यपद गरिबांसाठी आहे’ अशा अर्थाचं. मदत गरिबाला पुरी मिळेल, कराचा बोजा श्रीमंतावर पडेल, हा त्यांचा हिशेब.

१९६७, १९९३, १९९८ या तिन्ही कौलांत राज्यपद हरलं. २०१२ पासूनच्या कौलांत ते पुढे आलं. २०१७ साली विरोधकांनी बहिष्कार घातला, जेमतेम २३ टक्के मतदान झालं. तो कौल लंगडाच. पण २०२० साली ५२ टक्के, २०२४ साली ५८ टक्क्यांवर मतं पडली. तरी वॉशिंग्टन हलत नाही, कारण हे कौल त्याच्यावर बंधनकारकच नाहीत. कौल घ्यायचा नि कपाटात ठेवायचा, हा कुठला न्याय?

आमचा एक सवाल त्या पक्षालाही आहे. बेटाची मायबोली स्पॅनिश. १९९३ साली या पक्षानं तिच्या जोडीला इंग्रजीही पुन्हा राजभाषा केली. राज्य झाल्यावर शाळेत, कोर्टात, कारखान्यात स्पॅनिश टिकेल याची लेखी हमी आधी घ्या! आपण भाषेसाठी राज्य मागितलं. राज्यासाठी भाषा गहाण टाकली नाही.

आणि दुसरी गोष्ट आपल्या अंगावरची. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव आघाडीवर होतं. हुतात्म्यांनी रक्त सांडलं, १ मे १९६० ला राज्य आलं. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनीवर टॉवर उभे राहिले, नि कामगार घरासाठी अर्ज घेऊन रांगेत राहिला. म्हणून त्या बेटावरच्या कष्टकऱ्यांना आम्ही सांगतो : राज्य मागा, हक्कानं मागा, पण ते कुणाचं असणार हे आजच ठरवा. नकाशा बदलला म्हणून भाकरी आपोआप ताटात पडत नाही.

पोर्तो रिकोच्या जनतेला तिचा हक्क मिळालाच पाहिजे!

राज्य कष्टकऱ्यांचं झालंच पाहिजे!