नरकचतुर्दशीची पहाट आणि बहात्तर जाहिराती

२०२५ च्या दिवाळीत वन्सं चार दिवस आमच्याकडे राहायला होत्या. आमच्या ओट्यावरचा रेडिओ सकाळपासून चालूच असतो, त्यामुळे त्यांनाही तो ऐकावाच लागला. निघताना पायात चप्पल सरकवता सरकवता म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या रेडिओवर यंदा जाहिराती फारच कमी होत्या हो. बंद पडतोय की काय?"

एसटीची वेळ झाली होती, म्हणून "नाही हो" एवढंच म्हटलं. खरं उत्तर लांबलचक आहे. ते इथे लिहिते, म्हणजे त्याही वाचतील आणि तुम्हीही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात सामुदायिक रेडिओचं एक छोटंसं केंद्र आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे दुपारी जाते. सणासुदीच्या जाहिराती आणि स्पर्धा ठरवणाऱ्या समितीत मला घेतलंय, ते काही मला त्यातलं कळतं म्हणून नव्हे. बाजारपेठेतले निम्मे दुकानदार माझ्या हाताखालून गेलेत. बाईंना तोंडावर नाही म्हणायला ते अजून कचरतात. असो.

आमचा ट्रान्समीटर शंभर वॉटचा. आवाज फार तर दहा-पंधरा किलोमीटर पोचतो. २००६ च्या धोरणात अशा केंद्रांना तासाला पाच मिनिटं जाहिराती करायची मुभा होती, मग ती सात झाली आणि २०२४ मध्ये बारा. सरकारी जाहिरातीचा दर त्याच वर्षी दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. आता गणित करा. बारा मिनिटांत दहा-दहा सेकंदांच्या बहात्तर जाहिराती बसतात, म्हणजे तासाला ५,३२८ रुपये. अर्थात हे कागदावर. आमचा दुकानदार त्याच्या निम्मे देतो, तेही दोन हप्त्यांत, आणि दुसरा हप्ता तुळशीच्या लग्नानंतर! तरीही वर्षभराचं वीजबिल आणि दोन मुलांचे पगार मुख्यतः दसरा ते भाऊबीज एवढ्या दिवसांतच सुटतात. तेव्हा मी जाहिरातींच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका.

ऑगस्टमध्ये आमच्या मुलांनी दिवाळीचा आराखडा केला. शहरातल्या मोठ्या एफएमवाल्यांचं बघून केलेला, हे पहिल्याच ओळीत कळत होतं. प्रत्येक जाहिरातीत 'धमाका'. रोज एक प्रश्न, पहिला बरोबर फोन करणाऱ्याला बक्षीस. (आमच्याकडे ही बक्षिसं आलटून पालटून तीनच माणसं जिंकतात. रानात काम करणाऱ्या बाईला ओल्या हातांनी फोन काढेपर्यंत लाइन लागलेली असते.) आणि सगळ्यात मोठा बेत म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट, पाच ते सहा, एका मोबाइलच्या दुकानदाराला आख्खी विकायची. तासभर त्याच्याच जाहिराती, मधूनमधून गाणी.

त्यावर माझं डोकं फिरलं.

आमच्या लहानपणी त्या पहाटे आकाशवाणीवर कीर्तन लागायचं. आई तेल लावत असायची, बंबात पाणी तापत असायचं, आणि बुवांच्या नरकासुराचा अंत व्हायच्या आत आपली आंघोळ उरकली पाहिजे अशी घाई असायची. हे नुसतं आठवणीत रमणं नाही, मुद्दा व्यवहाराचा आहे. वर्षातला हा एकच तास असा की घरातलं झाडून सगळं जागं असतं आणि प्रत्येकाचे हात तेलाने नाहीतर उटण्याने माखलेले असतात. टीव्हीचा रिमोट नको, मोबाइल नको. चालतो फक्त रेडिओ, कारण त्याला हात लावावा लागत नाही. म्हणूनच तो तास महाग आहे. आणि त्यात बहात्तर वेळा मोबाइलचे हप्ते ओरडून सांगितले, तर पुढच्या वर्षी कुणीतरी कोपराने का होईना, रेडिओ बंद करेल. मग विकायला उरतं काय?

मुलं म्हणाली, "बाई, जाहिरात पुन्हा पुन्हा लागली तरच लक्षात राहते." मला नाही पटत. विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूरला जाहिराती सुरू झाल्या १९६७ च्या नोव्हेंबरात. त्याच्या कितीतरी आधी, १९५२ पासून, रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला चालू होती, एका टूथपेस्टच्या नावाने. एक कार्यक्रम, एक नाव. २०२४ मध्ये सयानी गेले तेव्हा आमच्या वयाच्या प्रत्येकाला त्यांच्या आवाजाबरोबर ती टूथपेस्टही आठवली. शेकडो जाहिराती ऐकल्या असतील आपण, त्यातल्या आठवतात किती?

वाद तिथेच लोंबकळत राहिला. आणि मग घटस्थापनेच्या आठवड्यात सीनेला पूर आला.

त्याबद्दल पेपरांत भरपूर आलं, मी पुन्हा लिहीत नाही. आठवडाभर आमच्या केंद्रावर गाणं लागलं नाही. कुठला रस्ता बंद, जनावरांना चारा कुठे मिळतोय, औषधं कुठे, एवढंच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा समिती बसली आणि त्या आराखड्यातला 'धमाका' हा शब्द कुणालाच मोठ्याने वाचवेना. ज्यांची उभी पिकं कुजली, ज्यांच्या भिंती अजून ओल्या, तेच तर आमचे ऐकणारे! मोठ्या शहरातल्या केंद्राला बिनचेहऱ्याचा श्रोता परवडतो. आम्हाला माहीत असतं की नदीकाठच्या अमुक वस्तीवर आत्ता रेडिओ कुठे लावलाय.

मी पिशवी घेऊन बाजारात निघाले. कापडवाल्याने सांगितलं, यंदा जाहिरात नाही, कोण घेणार कपडे? पुस्तकांच्या दुकानात माझा जुना विद्यार्थी बसतो. तो म्हणाला, "बाई, भिजलेल्या पोरांना वह्या खरेदीच्या भावात द्यायच्या आहेत. पण ते सांगायचं कसं? उपकार केल्यासारखं वाटतं." मग दुकानातच बसून आम्ही चार वाक्यं लिहिली. दुकानाचं नाव, भाव, भाऊबीजेपर्यंतची मुदत, आणि 'काहीही पुरावा विचारला जाणार नाही'. शेवटचं वाक्य त्याचं.

किराणावाल्याची गोष्ट तर मला सुचलीच नसती. त्याच्या बायकोने सांगितलं की दिवाळीला पावशेर रवा मागायची बायकांना लाज वाटते, दुकानात येतात आणि नुसता चहा-साखर घेऊन जातात. म्हणून जाहिरातच तशी केली: रवा, बेसन, साखर, पावशेरापासून बांधून तयार, पुडी उचला आणि पैसे द्या. भाजणीच्या गिरणीची वेळ विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे रोज बदलायची, ती आम्ही रोज सांगितली. गिरणीवाल्याने त्याचे पैसे दिले, कारण गर्दी वाढली ना त्याची. फोनवरची स्पर्धा रद्द केली, कुणी विचारलंही नाही. नाही, त्या तिघांपैकी एकाने विचारलं. :-)

पहाटेचा तास शेवटी तेलाच्या घाण्यावाल्याने घेतला. नाव दोनदा, सुरुवातीला आणि शेवटी, मध्ये गावातल्याच एका शिक्षकांचं कीर्तन. सगळं छान झालं असं मात्र नाही. बुवा रंगात आले आणि नरकासुर काही लवकर मरेना. घरोघरी आंघोळी होऊन फराळाची ताटं मांडली तरी तो जिवंतच. शेवटचं नाव घ्यायला सव्वासहा वाजले.

पैसे कमी आले, हेही लिहायला हवं. आदल्या वर्षीच्या दोनतृतीयांश. खजिनदार पंधरा दिवस माझ्याशी तुटक बोलत होते, आणि त्यांचं चूक नाही. पुढच्या दिवाळीला पूर नसेल, बाजार चढा असेल, मोबाइलवाला पुन्हा येईल, आणि ते म्हणतील की बाई, आता तरी तास विकू या. पूर आला म्हणून मी जिंकले, युक्तिवादाने नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण माझं म्हणणं पूर नसतानाही तेच आहे. दहा-पंधरा किलोमीटरच्या रेडिओने दुकानदाराला आवाज विकू नये, गिऱ्हाइकाला काय हवंय याची माहिती विकावी. ती शहरातल्या कुठल्याही केंद्राकडे नाही. पावशेर रव्याची जाहिरात मुंबईत बसून कुणाला सुचेल का?

आणि पहाटेचे पाच ते सहा मात्र मी मरेपर्यंत देणार नाही.

तर वन्सं, रेडिओ बंद पडलेला नाही. वीजबिल भरलंय, दुसरे हप्ते तुळशीच्या लग्नानंतर आले. ट्रान्समीटरचा पंखा तेवढा अजून घरघरतो. तुम्हाला मधूनमधून ऐकू आलं असेल, तर ती जाहिरात नव्हती.