तिकीट जात विचारत नाही

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्थानकातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे सुटली. हिरवा झेंडा दाखवायला मुख्यमंत्री आले, ढोल वाजले, गुलाल उधळला गेला, आणि ज्यांनी आयुष्यात रेल्वेचा डबा आतून पाहिला नव्हता अशी म्हातारी माणसे खिडकीशी बसून आली. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला होता. त्या वेळी त्याचा खर्च साधारण ३५० कोटी रुपये धरला होता, तो पुढे ४,८०० कोटींवर गेला. आष्टीपर्यंत गाडी यायला २०२२ चा सप्टेंबर उजाडला, बीडपर्यंत यायला २०२५ चा. परळीचा टप्पा तेव्हाही बाकीच होता. एक पिढी आंदोलने करता करता म्हातारी झाली तेव्हा कुठे शिट्टी ऐकू आली.

परंतु गुलाल धुतला जाण्याच्या आतच बीडच्या चहाच्या टपऱ्यांवर आणि कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत निराळीच भाषा सुरू झाली. "साडेपाच तास त्या डब्यात कोण बसणार? आपली गाडी तीन तासांत नगरला टेकते." "रेल्वे ठीक आहे, गोरगरिबांची सोय झाली." ही वाक्ये बोलणाऱ्यांत केवळ प्रस्थापित घराण्यांचे चिरंजीव नाहीत. आरक्षणाच्या बळावर शिकून नोकरीला लागलेले, कर्ज काढून चारचाकी घेतलेले आमचे बांधवही आहेत. म्हणूनच आम्हाला या विषयावर लिहिणे भाग आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की तक्रारीत तथ्य आहे. सुरुवातीच्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी सकाळी अहिल्यानगरहून निघून दुपारी बीडला पोचत होती आणि दुपारी बीडहून निघून संध्याकाळी परत जात होती. सुमारे १६७ किलोमीटरला साडेपाच तास, दिवसातून एकच फेरी, तीही आठवड्यातून सहा दिवस. बीडच्या माणसाला सकाळी नगरला जाऊन दवाखाना, कोर्ट, खरेदी उरकून रात्री घरी परतायचे असेल तर ही गाडी त्याच्या कामाची नाही. पुण्याला जायचे असेल तर नगरला उतरून दुसरे वाहन शोधायचे. गाडी कोणाच्या सोयीसाठी आखली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो विचारणे वेगळे आणि "रेल्वे ही आपल्या पायरीची नाही" असे म्हणणे वेगळे. पहिल्यात हक्काची जाणीव आहे. दुसऱ्यात जुनीच उतरंड नव्या चाकांवर बसून आली आहे.

बीड जिल्ह्यात 'गाडी' हा शब्द आज कशासाठी वापरतात ते पाहा. आमच्या आजोबांच्या पिढीत गाडी म्हणजे बैलगाडी, नाहीतर आगगाडी. आता गाडी म्हणजे पांढरी किंवा काळी, उंच, काळ्या काचांची, मागच्या काचेवर दादांचे नाही तर साहेबांचे नाव लिहिलेली. पुढारी किती मोठा हे त्याच्या मागे किती गाड्यांचा ताफा आहे यावर ठरते. लग्नात नवरदेवाचे शिक्षण किती हे नंतर विचारतात, आधी गाडी कोणती ते विचारतात. ज्या जिल्ह्यातून दर दसऱ्या-दिवाळीला लाखो ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, बायकामुले आणि भांडीकुंडी एकाच ट्रकच्या हौद्यात नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून जातात, त्याच जिल्ह्यात हा गाड्यांचा थाट चालतो. एकाच रस्त्यावरून ताफाही जातो आणि ट्रॉलीही जाते, पण दोघांचा रस्ता एक नाही.

२०११ च्या जनगणनेचा आकडा आम्ही वाचकांच्या लक्षात आणून देऊ इच्छितो. त्या वर्षी देशातल्या शंभर कुटुंबांपैकी जेमतेम पाच कुटुंबांकडे मोटार, जीप किंवा व्हॅन होती. दुचाकी एकवीस घरांत होती. अनुसूचित जातींच्या घरांत हे प्रमाण त्याहूनही कमी. त्यानंतर गाड्या वाढल्या हे उघड दिसते, पण चारचाकी ही आजही बहुसंख्यांची वस्तू नाही. तरीही सरकारी पैशाचा ओघ पाहा. सोलापूर-धुळे महामार्ग गेवराई, बीड, चौसाळ्यावरून चौपदरी झाला, उड्डाणपूल झाले, टोलनाके बसले. त्या रस्त्यासाठी बीडकरांना तीस वर्षे उपोषणे करावी लागली नाहीत. रेल्वेसाठी करावी लागली. सभागृहात बसणारा वर्ग ज्या वाहनाने फिरतो त्या वाहनाची वाट आधी मोकळी होते, इतका हा सरळ हिशेब आहे.

बीडच्या वाट्याला हा उपवास नवा नाही. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे रेल्वे गेली. तिने बीड शहर बाजूला टाकले. पुढे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळीपर्यंत रूळ आले, पण जिल्ह्याचे ठाणे कोरडेच राहिले. निजाम गेला, लोकशाही आली, आणि तरीही बीडच्या माणसाला दादरला किंवा नागपूरला जाण्यासाठी आधी जालना, परभणी किंवा संभाजीनगर गाठावे लागले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आंबेडकरी चळवळीने रेल्वेकडे केवळ स्वस्त वाहन म्हणून पाहू नये, असे आम्ही का म्हणतो?

परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन प्रसंग प्रत्येक वाचकाला ठाऊक आहेत, पण ते या अंगाने क्वचितच वाचले जातात. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. साताऱ्याहून मसूरपर्यंत रेल्वेने आणले. तिकीट काढले होते, मुलांचे कपडे नीटनेटके होते, डब्यात कोणी हटकले नाही. छळ सुरू झाला तो रेल्वेतून उतरल्यावर. स्टेशनमास्तरने जात विचारली, आणि ती कळताच एकही गाडीवान दुप्पट भाड्यालाही त्यांना बसवायला तयार होईना. शेवटी मुलांनी स्वतः बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असा तोडगा निघाला. रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. बाबासाहेब तोवर बॅरिस्टर झालेले, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. रेल्वेने त्यांना तिथवर सुखरूप आणले. स्थानकाबाहेरच्या टांगेवाल्याने मात्र महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. टांगा द्यायला तो तयार झाला, हाकायला नाही. मग ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. नदीवरच्या पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले, पायाचे हाड मोडले. घटनेच्या शिल्पकाराचा जीव त्या दिवशी थोडक्यात वाचला.

दोन्ही प्रसंगांत खाजगी वाहनाच्या मालकाला 'तुला बसवणार नाही' असे म्हणता आले. रेल्वेला ते म्हणता आले नाही. रेल्वेच्या मनात समता होती म्हणून नव्हे, तर तिकीट हा सार्वजनिक करार होता म्हणून. पैसे मोजले की जागा मिळते, आणि शेजारी कोण बसणार हे शेजाऱ्याला ठरवता येत नाही. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता त्याच्या खांद्याला खांदा लावून डब्यात बसावे लागले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हा सनातन्यांपुढे हाच पेच उभा राहिला. आपल्या गाडीत कोणाला घ्यायचे ते मालक ठरवतो. डब्यात ते तिकीट ठरवते. घटनेच्या कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते सर्वांना खुले केले, त्या विचाराचे चालते-बोलते रूप म्हणजे सर्वसाधारण डबा होय.

याचा अर्थ रेल्वे म्हणजे समतेचा स्वर्ग होता असा भाबडा समज आम्ही करून घेत नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी रेल्वेचीच सालटी काढली होती. आमचा माणूस आयुष्यभर गँगमन म्हणून रूळ ठोकत राहतो, त्याला साधे पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि सवर्ण स्टेशनमास्तरला त्याचा विटाळ होतो, हे त्यांनी तिथे मांडले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हेही त्यांनी त्याच परिषदेत सांगितले. डब्यातली घाण ज्या रुळांवर पडत होती ते रूळ अनेक दशके कोणत्या जातीच्या हातांनी साफ झाले, हेही आम्ही विसरलेलो नाही. परंतु बाबासाहेबांनी रेल्वेवर बहिष्कार घाला असे सांगितले नाही. ती आपली आहे, तिच्यात आपला वाटा हवा, असे सांगितले. आज रेल्वे भरतीत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना आरक्षण आहे. ट्रॅव्हल्सच्या आणि खाजगी टॅक्सीच्या धंद्यात कोणते आरक्षण आहे? रेल्वे आकसली की प्रवाशाची जागा जाते आणि त्याच्या मुलाची नोकरीही जाते.

सहा डिसेंबरला दादरकडे आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या आठवा. भाकरीचे गाठोडे, पाण्याची बाटली, कडेवर मूल घेऊन निघालेला हा महासागर मोटारींच्या ताफ्यांनी कधी पोचला नसता. त्यालाच पांढरपेशा वर्ग नाके मुरडतो आणि 'डबे घाण केले, फुकटे आले' म्हणून कुजबुजतो. या कुजबुजीत आणि "रेल्वे गोरगरिबांसाठी ठीक" या वाक्यात आम्हाला फरक दिसत नाही. डबा नकोसा वाटतो तो डब्यातल्या माणसांमुळे. आमच्या सुशिक्षित बांधवाने हे वाक्य उच्चारताना ते कोणाच्या तोंडातून आपल्या तोंडात आले याचा विचार करावा.

आमच्या माणसाने मोटार घेतली याचा आम्हाला आनंदच आहे. ज्याच्या नवरदेवाला घोड्यावर बसू दिले नाही त्याने स्वतःच्या चारचाकीतून गावात शिरावे, यात स्वाभिमान आहे आणि तो आम्ही मानतो. परंतु एकाची मोटार हा एकाचा स्वाभिमान असतो. वस्तीचा स्वाभिमान वेळेवर येणाऱ्या एसटीत आणि रेल्वेत असतो. मोटार बँकेच्या हप्त्यावर चालते. नोकरी गेली, आजारपण आले की तीच आधी विकली जाते.

शिवाय रस्ता कोणाचा बळी घेतो तेही पाहिले पाहिजे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते आणि सुमारे १९ टक्के पायी चालणारे. म्हणजे महामार्ग मोटारीसाठी बांधला जातो आणि त्यावर मरतो तो बहुतांशी मोटार नसलेला. मोटारीत बसलेलाही सुरक्षित नाही. बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे जून २०१४ मध्ये दिल्लीत आणि बीडचेच विनायक मेटे ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटार अपघातातच गेले. आमचे त्यांच्याशी राजकीय मतभेद होते. पण जिल्ह्याने आपली दोन मोठी माणसे रस्त्यावर गमावली, याचा धडा कोणी घेतल्याचे दिसत नाही.

आता खरा धोका सांगतो. डबे रिकामे धावले की दिल्लीतील अधिकारी 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारतात. गैरसोयीची वेळ द्यायची, प्रवासी आले नाहीत की आकडे पुढे करायचे आणि फेरी वाढवायला नकार द्यायचा, ही सरकारी खात्यांची जुनी रीत आहे. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये कोरोनाचे निमित्त करून काढून घेतली, आणि गाड्या पूर्ववत झाल्या तरी पुढची पाच वर्षे ती परत दिली नाही. याच काळात राज्याच्या एसटीने पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट दिले, आणि गावोगावच्या बायका माहेरी, बाजाराला, दवाखान्यात मोकळेपणाने जाऊ लागल्या. सार्वजनिक वाहन स्वस्त झाले की कोण घराबाहेर पडते, हे त्यातून दिसले.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बीडहून पहाटे निघून रात्री परत येणारी गाडी हवी. पुणे आणि मुंबईपर्यंत थेट डबे हवेत. साडेपाच तासांचा प्रवास निम्म्यावर आणावा. परळीपर्यंतचा मार्ग तारखेसह पुरा करावा, म्हणजे मराठवाड्याचा पूर्व-पश्चिम धागा जुळेल. गाडीच्या वेळेला स्थानकापासून बसस्थानकापर्यंत एसटी हवी, नाहीतर रेल्वेचे स्वस्त तिकीट रिक्षाच्या भाड्यात बुडेल. सर्वसाधारण डबे कमी न करता वाढवावेत. कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड मजुराची बैलगाडी आणि संसार रेल्वेने जाणार नाही हे आम्ही जाणतो. पण गावी आई गेल्याचा निरोप आला तर त्याला मुकादमाच्या दारात गाडीसाठी हात पसरावा लागू नये, एवढी सोय ही रेल्वे करू शकते.

मागण्यांसोबत कर्तव्यही येते. बीड, आष्टी, कड्याच्या आमच्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, कर्मचारी संघटनांनी महिन्यातून एकदा तरी मोटार दारात ठेवून रेल्वेचे तिकीट काढावे. सभेला, शिबिराला, लग्नाला जाताना गटाने रेल्वेने जावे. डब्यातल्या प्रवाशांच्या सह्या घेऊन वेळापत्रकाची निवेदने द्यावीत. ज्या डब्यात शिकलेला माणूस बसत नाही त्या डब्याची तक्रार कोणी ऐकत नाही. सरकारी शाळेचे आमच्या डोळ्यांदेखत हेच झाले. शिकलेल्यांनी मुले काढून घेतली आणि शाळा गरिबांची म्हणून ओस पडल्या. रेल्वेचे तसे होऊ द्यायचे नसेल तर आजच डब्यात जाऊन बसले पाहिजे.

मसूरच्या स्थानकावर ताटकळलेल्या त्या मुलाने पुढे या देशाला असे संविधान दिले की कोणत्याही गाडीवानाला जात विचारायची सोय उरू नये. त्याच्या लेकरांनी तिकिटाच्या रांगेत उभे राहण्यात कमीपणा मानू नये.