डीएमएलएस मशीनचं कोटेशन मागवताय? आधी परत आलेल्या कॅप मोजा



डेंटल लॅबवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, डीएमएलएस मशीन घेऊ का?" माझं स्पष्ट मत आहे, पहिली दोन वर्षं नको. का, ते सांगतो.

गडहिंग्लजचा एक मुलगा माझ्या दुकानात आला होता. डेंटल मेकॅनिकचा कोर्स झालेला, हात चांगला. खिशात मशीनचं कोटेशन आणि डोक्यात एकच गणित: वडिलांची दीड एकर गहाण टाकायची. म्हणाला, "सर, लेझरने कॅप बनली की फिटिंगचा प्रॉब्लेमच संपला ना?" ब्रोशरमध्ये तसंच छापलेलं असतं. पण खरी गोष्ट वेगळी आहे.

जुन्या पद्धतीत दाताच्या डायवर मेणाची टोपी करायची, ती इन्व्हेस्टमेंटमध्ये पुरायची, मेण जाळायचं आणि त्या जागी वितळलेला धातू ओतायचा. धातू थंड होताना आकसतो, इन्व्हेस्टमेंट फुगते, आणि दोन्हींचा मेळ बसला तर कॅप बसते. कोबाल्ट-क्रोमला हा मेळ बसवणं म्हणजे डोकेदुखीच. डीएमएलएसमध्ये याच धातूची बारीक पावडर साधारण २० ते ५० मायक्रॉनच्या थरांत पसरतात आणि लेझर कॉम्प्युटरमधल्या डिझाईनप्रमाणे एकेक थर जोडत जातो. मेण नाही, ओतकाम नाही. लेझर चांगलाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता मोजमाप बघा. कॅपची कड आणि दात यांच्यात किती फट चालते? १९७१ मध्ये मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी हजाराहून जास्त कॅप-फिलिंगचा पाच वर्षांचा अभ्यास करून १२० मायक्रॉन ही मर्यादा सांगितली. आजही तीच धरतात. म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग! त्यापेक्षा फट मोठी झाली की सिमेंट विरघळतं, दात आतून किडतो, आणि पेशंट डॉक्टरला शिव्या घालतो. डॉक्टर कोणाला घालणार? तुम्हाला.

पण हे १२० मायक्रॉन बहुतेक वेळा लेझरच्या आधी किंवा नंतर हातचे जातात. आधी म्हणजे मापात. इम्प्रेशन ओढलं गेलं, डायच्या कडेला बुडबुडा आला, मार्जिन दिसतच नाही, तर मशीन ती चूक अगदी इमानदारीने छापून देतं. दाताची धार टोकदार राहिली तर स्कॅनर ती थोडी गोल करून टाकतो. मग आत टोपी तिथेच अडते आणि कड वर राहते. सिमेंटसाठी जागा सोडावी लागते, साधारण ३० ते ५० मायक्रॉन. कमी सोडली तर कॅप बसत नाही, जास्त सोडली तर ढिली.

नंतरचं म्हणजे ब्रिज. लेझरने बनलेल्या धातूत ताण साठलेला असतो. भट्टीत ताण न काढता प्लेटवरून कापला की लांब ब्रिज वाकतो. वर पोर्सेलिन चढवताना ९०० अंशांच्या आसपास पुन्हा पुन्हा भाजायचं असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपलाच माणूस. टोपी बसत नाही म्हणून आतून बर मारतो, मग ती डायवर छान बसते आणि तोंडात हलते.

हे मी शहाणपणाने नाही, मार खाऊन सांगतोय. दुकानासोबत छोटी लॅब चालवायचो तेव्हा एका डॉक्टरांकडून लागोपाठ कॅप परत आल्या. मी प्रिंटिंग सेंटरवाल्याशी भांडलो. नंतर डाय भिंगाखाली पाहिल्या तर मार्जिनची खूण आम्हीच चुकीची केलेली. डॉक्टर गेले ते गेलेच.

आता त्या मुलाला मांडून दाखवलेलं गणित. समजा एका कॅपचे ७०० घेता. बाहेरून छापून आणलेली टोपी २००, पोर्सेलिन-मजुरी-पोचवणं २५०. उरले २५०. एक कॅप परत आली की ४५० पुन्हा खर्च, म्हणजे जवळजवळ दोन कॅपचा नफा साफ. तुमचं स्वतःचं मशीन असलं तरी ही गळती थांबत नाही, वर हप्ता, गॅस, पावडर चाळणं. ती पावडर श्वासात जाता कामा नये, म्हणजे एक्झॉस्ट आणि मास्कचा खर्चही धरा.

म्हणून मी त्याला म्हटलं, टोप्या सेंटरकडून छापून घे, आणि पैसा लाव चांगल्या स्कॅनरवर, भिंगावर आणि फिट तपासायच्या सिलिकॉनवर. प्रत्येक टोपी पोर्सेलिन चढवण्याआधी डायवर तपास. एका बाजूने दाबलं की दुसरी बाजू उचलते का? मार्जिनवरून प्रोब फिरव, अडतो का? माप खराब असेल तर डॉक्टरांना फोन कर, "सर, परत घ्याल का?" सुरुवातीला लाज वाटते. पण कॅप परत येण्यापेक्षा माप परत गेलेलं स्वस्त.

काही जण म्हणतील, स्वतःचं मशीन म्हणजे लवकर डिलिव्हरी. खरंय, पण रोज मशीन भरेल इतकं काम हातात असेल तरच.

परवा त्याचा फोन आला. जमीन शाबूत आहे. पहिल्या महिन्यात ६२ कॅप गेल्या, ५ परत आल्या. मी विचारलं, "पाचही डाय जपून ठेवल्यास ना?"

"सर, दोन फेकल्या."