टकरींचा हिशेब : ‘अधिक’ म्हणजे नेमके कशापेक्षा अधिक?

जिनिव्हाजवळील लार्ज हेड्रॉन कोलायडर या महाकाय यंत्रातून २०२५ साली आलेली सर्वांत महत्त्वाची बातमी एका लहानशा आकड्याची होती. टॉप क्वार्क आणि त्याचा प्रतिकण यांच्या जोड्या गणिताने वर्तविल्यापेक्षा किंचित अधिक संख्येने निर्माण होत असल्याचे सीएमएस या प्रयोगाने वर्षाच्या पूर्वार्धात जाहीर केले. जुलै महिन्यात ॲटलास या दुसऱ्या प्रयोगाने त्यास दुजोरा दिला. सीएमएसच्या मोजणीनुसार ही वाढ ८.८ पिकोबार्न, तर ॲटलासच्या मोजणीनुसार ९ पिकोबार्न आहे. दोन स्वतंत्र शोधयंत्रे आणि दोन स्वतंत्र पथके जवळपास एकाच आकड्यावर आल्याने हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता मागे पडली आहे.

तथापि या वाढीचा अर्थ काय, यावर अद्याप शिक्कामोर्तब झालेले नाही. टॉप आणि प्रति-टॉप हे कण क्षणभर एकमेकांना बांधले जाऊन ‘टॉपोनियम’ नावाची जोडी तयार होत असावी, हा त्यातील अधिक स्वीकारार्ह खुलासा. हिग्ज बोसॉनचा एखादा जड भाऊबंद येथे डोकावत असावा, ही दुसरी शक्यता. पहिला खुलासा जुन्याच सिद्धांतात बसतो, दुसरा खरा ठरल्यास पाठ्यपुस्तके नव्याने लिहावी लागतील. या दोहोंतील निवाडा आणखी मोठ्या यंत्रावर जितका अवलंबून आहे, तितकाच तो दोन जुन्या कामांच्या अचूकतेवर अवलंबून आहे. पहिले काम मोजण्याचे, दुसरे आकडेमोडीचे.

कोठाराएवढे लक्ष्य

कणांच्या निर्मितीचा दर भौतिकशास्त्रज्ञ क्षेत्रफळाच्या एककात सांगतात. लक्ष्य जितके मोठे, तितका नेम लागण्याचा संभव अधिक, ही त्यामागील साधी कल्पना. या मापाला ‘क्रॉस सेक्शन’ म्हणतात. १९४२ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अणुबॉम्ब प्रकल्पासाठी काम करणाऱ्या मार्शल हॉलोवे आणि चार्ल्स बेकर यांनी त्याचे एकक ठरवून त्यास ‘बार्न’ असे नाव दिले. बार्न म्हणजे शेतावरचे कोठार. अणुगर्भाच्या मानाने हे लक्ष्य एखाद्या कोठाराएवढे प्रशस्त आहे, असा तो विनोद होता. पिकोबार्न हा त्याचा एक लाख कोटीवा भाग.

कोलायडरमध्ये १३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला दोन प्रोटॉन एकमेकांवर आदळून फुटण्याचा दर सुमारे ८० मिलिबार्न आहे. टॉप क्वार्कची जोडी निर्माण होण्याचा दर साधारण ८३० पिकोबार्न, तर हिग्ज बोसॉनचा जवळपास ५५ पिकोबार्न. म्हणजे टॉपची एक जोडी मिळण्यास सुमारे १० कोटी टकरी लागतात, एका हिग्जसाठी सुमारे १५० कोटी आणि सध्या चर्चेत असलेल्या ‘वाढी’तील एका जोडीसाठी सुमारे ९०० कोटी.

टकरी मोजायच्या कशा?

दर काढायचा तर किती जोड्या सापडल्या हे जसे ठाऊक हवे, तसेच त्या किती टकरींतून सापडल्या हेही ठाऊक हवे. मतदारयादीच चुकीची असेल तर मतदानाच्या टक्केवारीला अर्थ उरत नाही, तसेच हे आहे. टकरींच्या या एकूण तीव्रतेला ‘ल्युमिनॉसिटी’ म्हणतात आणि ती मोजण्याची पद्धत १९६८ मध्ये सायमन व्हॅन डर मीर यांनी सर्न या संस्थेत सुचविली. समोरासमोरून येणाऱ्या दोन प्रोटॉन शलाका एकमेकींपासून पायरीपायरीने बाजूला सरकवायच्या आणि टकरींचा दर कसा घटत जातो ते पाहायचे. त्या उतारावरून शलाकांची रुंदी कळते. रुंदी आणि शलाकेतील प्रोटॉनांची संख्या हाती आली, की तीव्रता काढता येते. व्हॅन डर मीर यांना १९८४ साली कार्लो रुबिया यांच्यासमवेत नोबेल मिळाले ते वेगळ्या कामासाठी. परंतु त्यांची ही युक्ती आजही प्रत्येक मोठ्या मापनाच्या मुळाशी आहे.

२०१५ ते २०१८ या टप्प्यातील तीव्रता ॲटलासने ०.८३ टक्के इतक्या अचूकतेने निश्चित केली. हा आकडा किती महत्त्वाचा आहे, हे टॉप जोड्यांच्या एकूण दराच्या मापनावरून कळते. ॲटलासने २०२३ मध्ये हा दर ८२९ पिकोबार्न असा दिला. त्यात कमी नोंदी हाती असल्यामुळे येणारी अनिश्चितता अवघी १ पिकोबार्न आहे. तीव्रतेच्या मापनामुळे येणारी ८ पिकोबार्न, तर शोधयंत्राचे आकलन आणि गणिती नमुने यांच्यामुळे येणारी १३ पिकोबार्न आहे. म्हणजेच आणखी टकरी घडवून हा आकडा फारसा सुधारणार नाही.

कागदावरचा दर

दुसरी बाजू आकडेमोडीची. प्रोटॉन हा एकसंध गोळा नसून क्वार्क आणि ग्लुऑन यांचा गजबजलेला मेळा आहे. टक्कर प्रत्यक्षात त्यांच्यापैकी दोघांत होते. त्यामुळे प्रोटॉनच्या ऊर्जेतील किती वाटा कोणाकडे आहे, याचा अंदाज आधीच्या प्रयोगांवरून बांधावा लागतो. त्यानंतर मूळ अभिक्रियेचे गणित टप्प्याटप्प्याने करावे लागते. प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्या उत्तरात दुरुस्ती करतो आणि प्रत्येक टप्प्याचे कष्ट आधीच्यापेक्षा कैक पटींनी वाढतात.

हिग्जच्या बाबतीत या दुरुस्त्या किरकोळ नाहीत. पहिल्याच दुरुस्तीने अपेक्षित दर जवळपास दुपटीकडे नेला. तिसऱ्या टप्प्याचे उत्तर २०१५ साली हाती आले. त्यानंतरही गणितातील अनिश्चितता काही टक्क्यांची आहे. २०२२ मध्ये दोन्ही प्रयोगांनी हिग्जचा मोजलेला दर आणि वर्तविलेला दर यांचे गुणोत्तर प्रसिद्ध केले. ॲटलासचे १.०५, सीएमएसचे १.००२, दोहोंतील अनिश्चितता सुमारे ६ टक्के. सिद्धांत उत्तीर्ण झाला हे खरे. पण त्या ६ टक्क्यांत सिद्धांतवाद्यांच्या आकडेमोडीतील अनिश्चितताही मिसळलेली आहे, हे विसरता येत नाही.

टॉपच्या बाबतीत अडचण अधिक ठळक आहे. एकूण दराच्या गणितातच सुमारे ५ टक्के, म्हणजे ४० पिकोबार्नच्या आसपास अनिश्चितता असताना ९ पिकोबार्नची वाढ दिसली कशी? उत्तर असे की, ती एकूण बेरजेत दिसलीच नाही. जोडी निर्माण होण्यास जेमतेम पुरेल एवढी ऊर्जा असलेल्या कोपऱ्यात आणि जोडीच्या विघटनातून बाहेर पडणाऱ्या कणांच्या दिशांमधील परस्परसंबंधात ती दिसली. टॉपोनियमच्या साध्या नमुन्यावरून त्या कोपऱ्यात सुमारे ६.४ पिकोबार्न भर पडावी. मोजणी त्याहून थोडी अधिक सांगते, पण विसंगत म्हणावी इतकी नाही. नमुना साधा असल्याने पुढचा निर्णय त्याच्या सुधारणेवर अवलंबून आहे.

१९९६ चा धडा

ही सावधगिरी अनाठायी नाही. १९९६ मध्ये शिकागोजवळच्या फर्मिलॅबमधील सीडीएफ प्रयोगाने असेच ‘अधिक’ जाहीर केले होते. अतिशय जोरदार कणझोत गणिताने सांगितल्यापेक्षा जास्त संख्येने दिसत होते. क्वार्कच्या पोटात आणखी लहान घटक आहेत काय, अशी चर्चा त्यामुळे सुरू झाली. प्रत्यक्षात प्रोटॉनमधील जड वाटा उचलणाऱ्या ग्लुऑनांची संख्या तेव्हा नीट ठाऊक नव्हती. ती थोडी वाढवताच तफावत मिटू शकते, असे लक्षात आले. त्याच यंत्रावरील डीझीरो प्रयोगाच्या मोजणीत, ज्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग होता, गणिताशी अशी विसंगती आढळली नाही. सीडीएफची मोजणी चुकलेली नव्हती. ज्याच्याशी तुलना केली तो अंदाज तोकडा होता.

भारताचा वाटा

भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. सीएमएसमधील ऊर्जामापकाच्या बाह्य स्तराच्या उभारणीत टाटा संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांचा हात आहे. आकडेमोडीच्या बाजूसही भारतीय नाव आहे. हिग्जच्या दराचे दुसऱ्या टप्प्याचे गणित २००३ साली व्ही. रवींद्रन यांनी जॅक स्मिथ आणि व्हॅन नीर्व्हन यांच्यासमवेत पूर्ण केले होते. यंत्रांच्या तुलनेत अशा कामाचा खर्च नगण्य असतो, परंतु त्यावाचून यंत्राने दिलेल्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

कोलायडरची सुधारित आवृत्ती २०३० मध्ये सुरू करण्याचे नियोजन आहे. २०१५ ते २०१८ या काळात जमलेल्या नोंदींच्या सुमारे वीसपट साठा तीतून अपेक्षित आहे. त्यापुढील ९१ किलोमीटर परिघाच्या यंत्राचा अंदाजित खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक आहे. एवढा सार्वजनिक पैसा ज्या निष्कर्षांवर मागितला जाईल, त्यातील प्रत्येक ‘अधिक’ला आणि ‘उणे’ला एक साधा प्रश्न विचारला गेला पाहिजे. कशापेक्षा? त्याचे उत्तर देणारी माणसे घडविणे हा या विज्ञानाचा तुलनेने स्वस्त भाग आहे, आणि भारतासारख्या देशाला त्यात अग्रभागी राहणे शक्य आहे.