‘मधुमेह मुळापासून बरा’: ही माहिती की जाहिरात?

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात पतंजली आयुर्वेदला एप्रिल २०२४ मध्ये वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. त्याच सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने याचिका करणाऱ्या इंडियन मेडिकल असोसिएशनलाही, महागडी आणि अनावश्यक औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांबद्दल जाब विचारला. रुग्ण म्हणून तुम्ही यातून एक गोष्ट लक्षात घ्या: हितसंबंध कोणत्याही एकाच पॅथीचे नसतात.

१९५४च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याने मधुमेह, कर्करोगासह ५४ आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी आहे. पण वेबसाइटवरचा लेख जाहिरातीसारखा दिसत नाही. त्यातले प्रत्येक वाक्य खरे असूनही तो एकतर्फी असू शकतो. ‘तीन महिन्यांत साखर नॉर्मल’ असा अनुभव खरा असेलही. पण त्या काळात रुग्णाच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू होत्या का, वजन किती घटले, हे सांगितलेलेच नसते.

म्हणून वाचताना हे प्रश्न विचारा:

• लेखाच्या शेवटी काय आहे? ‘आत्ताच मागवा’ असे बटण असेल, तर लिहिणाऱ्याचा फायदा कशात आहे ते उघड आहे.

• दुष्परिणाम आणि ‘हे कोणी घेऊ नये’ याचा उल्लेख आहे का? नसेल, तर माहिती अर्धवट आहे.

• लेखकाचे नाव, पदवी आणि लेखाची तारीख आहे का? नोंदणी क्रमांक दिला असेल, तर तो वैद्यक परिषदेकडे तपासता येतो.

• आधार कशाचा आहे? चार रुग्णांचे अनुभव म्हणजे संशोधन नव्हे.

• इतर उपचारांबद्दल फक्त भीतीच घातली आहे का?

हे प्रश्न आमच्या लेखांनाही लावा. डॉक्टरने लिहिले म्हणून ते निःपक्षपाती ठरत नाही.

एकतर्फी लेखामुळे फक्त पैसे वाया जात नाहीत. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन बंद केले, तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल वाढून जीव धोक्यात येऊ शकतो. त्यामुळे काहीही वाचले तरी चालू औषध स्वतःहून बंद करू नका किंवा डोस बदलू नका. तो लेख मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवून विचारा, ‘‘हे माझ्या बाबतीत लागू पडते का?’’